सेशेल्सचा दयाळ: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात सेशेल्सच्या दयाळाबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या: काळाभोर पक्षी, पंखावर पांढरा पट्टा, जगात फक्त पाच चिमुकल्या बेटांवर. त्यावर आलेली पत्रं बघून संपादकांनी या महिन्याचं पूर्ण सदरच त्याला देऊन टाकलं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. सारख्या प्रश्नांचे मी गठ्ठे केलेत, तेव्हा आपलं पत्र दिसलं नाही तरी रागावू नका. उत्तर कुठेतरी सापडेल.

आम्ही दोघं जानेवारीत आठवडाभर सेशेल्सला जातोय. यजमानांना समुद्र हवाय, मला दयाळ. पाचांपैकी कुठल्या बेटावर जावं? एका सकाळीत दिसेल का? माझे गुडघे फारशी साथ देत नाहीत. (डोंबिवलीहून एक वाचक)

ताई, दिसेल. इतक्या ठामपणे मी सहसा कुठल्याच पक्ष्याची हमी देत नाही. आपल्याकडच्या जंगलात कर्णा (मलबार ट्रोगन) दाखवा म्हणालात तर आधी हात जोडेन. पण हा दयाळ शोधावा लागत नाही, त्याच्या बेटावर पाय ठेवावा लागतो. खरी मेहनत तेवढीच.

पाच बेटं म्हणजे फ्रेगेट, कुझाँ, कुझीन, आरीद आणि डेनिस. फ्रेगेट, डेनिस आणि कुझीन ही खाजगी बेटं आहेत. तिथे राहायचं तर पक्षी फुकट आणि खोली सोन्याच्या भावाची. आरीद सुंदर आहे, समुद्रपक्ष्यांची तर जत्राच. पण तिथलं उतरणं पूर्णपणे लाटांच्या मर्जीवर, आणि मे ते ऑक्टोबर आग्नेयेचे वारे सुटले की बोट लागणं फार कठीण. तुम्ही सरळ कुझाँ धरा. प्रास्लिन बेटावर मुक्काम करा, समोरच दोनेक किलोमीटरवर कुझाँ दिसतं. माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटावरून प्रास्लिनला फेरीबोट तासाभरात पोचते. बोट लागत असेल तर निघायच्या आधी गोळी घ्या, लाज धरू नका. त्या तासाभरात भले भले कठड्याला चिकटलेले मी पाहिलेत.

कुझाँवर पर्यटक फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळच्या वेळात, आणि वनरक्षकाबरोबरच फिरू शकतात. म्हणजे प्रास्लिनला शनिवारी पोचून सोमवारी सकाळीच निघायचं असा बेत केलात तर हात हलवत परत याल. आठवड्याच्या मधले दोन दिवस मोकळे ठेवा, एक समुद्र बिघडला तर दुसरा हाताशी. बोटीचे पैसे आणि बेटाचं प्रवेशशुल्क बऱ्याचदा वेगवेगळे असतात, ते ठरवतानाच विचारून घ्या.

आता गुडघ्यांचं. तुमची बोट किनाऱ्याला लागत नाही, ती दूर पाण्यातच थांबते. बेटावरची माणसं त्यांची स्वतःची बोट घेऊन येतात आणि तुम्हाला तिच्यात बदलून घेतात. दुसऱ्या बोटीतून उंदीर, पाल, मुंग्या काहीही बेटावर जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. मग बोटवाला लाटेची वाट बघत थांबतो आणि मनासारखी लाट आली की इंजिन पूर्ण पिळून बोट थेट वाळूवर चढवतो. धक्का बसतो. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसा, कॅमेरा पिशवीत ठेवा, आणि ‘गुडघे दुखतात’ हे बोटीत बसायच्या आधीच सांगा. उतरताना दोन माणसं दोन्ही बाजूंनी धरतात. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात, स्लिपर लाटेत निघून जाते. एकदा वाळूवर आलात की पुढची वाट सपाट आहे. बेट सगळं मिळून तीसेक हेक्टरचं, आणि दयाळ सपाटीवरच्या झाडीतच असतो. टेकडीवर जायची गरज नाही.

झाडीत शिरलात की पहिली भेट डासांची. भरपूर आहेत. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मलम, दोन्ही. डोक्यावर टोपीही हवी, कारण वर फांद्याफांद्यांवर नॉडी नावाचे समुद्रपक्षी बसलेले असतात आणि ते खाली कोण आहे हे बघून विधी करत नाहीत. पांढरी शुभ्र सुरय तर घरटंसुद्धा बांधत नाही. उघड्या फांदीच्या एखाद्या खाचेत एकच अंडं ठेवून मोकळी होते. हे सगळं डोळ्यांच्या उंचीवर असतं. बघत बघत चाला, पण वाट सोडू नका. बाजूच्या मऊ जमिनीत समुद्रपक्ष्यांची बिळं असतात. पाय आत गेला तर तुमचा गुडघाही जाईल आणि आतलं पिल्लूही.

आणि दयाळ? रक्षक एखाद्या सावलीच्या जागी थांबतो आणि बुटाच्या टोकाने पाचोळा थोडा उकरतो. बस्स. कुठूनतरी काळा पक्षी जमिनीवर उतरतो, शेपूट वर करतो, दोन उड्या मारून तुमच्या पायापाशी येतो आणि उकरलेल्या जागेत चोच घालतो. एक पान चोचीत धरून बाजूला फेकतो, मान वाकडी करून खाली बघतो, पुन्हा दुसरं पान. मग एक गोम ओढून काढतो, जमिनीवर दोनतीनदा आपटतो आणि गिळतो. हे तुमच्या बुटापासून हातभर अंतरावर चाललेलं असतं. ऊन पडलं की काळ्या पिसांवर निळी झाक येते. पायांकडेही नीट बघा, बहुतेकांच्या पायात रंगीत कड्या असतात. कुठल्या पायात कुठल्या रंगावर कुठला रंग, यावरून रक्षक त्या पक्ष्याचं वय, जन्माचं बेट, जोडीदार, सगळी कुंडली सांगतो. आमच्या रक्षकाने एका मादीचं तिच्या आईपासूनचं पुराण सांगितलं, आणि ती मादी ते चालू असताना माझ्या बुटाची नाडी ओढून बघत होती.

जानेवारी हा तिकडचा पावसाचा महिना. सरी येतात, जातात. बेत मोडत नाही. निवड हातात असती तर मी एप्रिल किंवा ऑक्टोबरची अखेर सांगितली असती, वारे बदलताना समुद्र शांत असतो. यजमानांना प्रास्लिनवरच्या आँस लाझिओच्या किनाऱ्यावर सोडा, ते दिवसभर तुम्हाला शोधणार नाहीत.

आमच्या शाळेच्या आवारात दयाळाच्या दोन जोड्या आहेत. उन्हाळ्यात पहाटे विजेच्या तारेवर बसून नर असा गातो की घड्याळ लावावं लागत नाही. मग त्याच कुळातला तिकडचा भाऊ नामशेष व्हायची वेळ का आली? दोघांत फरक काय? (सांगलीहून एक शिक्षक)

सर, फरक आधी सांगते, तो सोपा आहे. आपल्याकडे नर काळा-पांढरा आणि मादी राखाडी. तिकडे नर-मादी दोन्ही काळे, मादीचा रंग जरा फिका एवढंच, पोटही काळं. पांढरं काय ते पंखावर. आकाराने तो आपल्या दयाळापेक्षा मोठा, पाय लांब, आणि बराचसा वेळ जमिनीवर. आपला दयाळ एका वेळी चार-पाच अंडी घालतो, तो एकच. गाणं त्याचंही गोड आहे, तिथले लोक क्रिओल भाषेत त्याला ‘पी सांतेझ’, म्हणजे गाणारा दयाळ, म्हणतात. पण तारेवर चढून गल्ली जागी करणं मात्र आपल्याच गड्याने करावं.

आता मोठा प्रश्न. सेशेल्सच्या त्या बेटांवर वटवाघळं सोडली तर मूळचा सस्तन प्राणी नाही. मांजर नाही, मुंगूस नाही, उंदीर नाही. हजारो वर्षं जमिनीवरून चालत येऊन खाणारं कुणी नव्हतं, त्यामुळे या पक्ष्याला जमिनीवरच्या कुणाची भीतीच नव्हती. उलट पाचोळा हलला की तिथे धाव घ्यायची, कारण पाचोळा हलवतं कोण, तर महाकाय कासव. म्हशीमागे बगळे चालतात तसे हे दयाळ कासवामागे चालतात. कासवाच्या पायाखालून निघालेले किडे, गोमी, लहान सापसुरळ्या वेचतात. डोंबिवलीच्या ताईंच्या उत्तरात रक्षक बुटाने पाचोळा उकरतो असं लिहिलंय ना, तो कासवाचीच नक्कल करतो.

अठराव्या शतकात माणसं वस्तीला आली, त्यांच्या जहाजांतून उंदीर आले, मांजरं आली. जंगल तोडून नारळ लावले गेले. मांजर पाचोळ्यातून आलं तरी हा पक्षी त्याच्याकडे उड्या मारत जाणार. माहेसारख्या मोठ्या बेटावरून तो गेला, एकेक करून बाकीच्या बेटांवरूनही गेला. १९६५च्या सुमारास सगळ्या जगात फक्त फ्रेगेटवर उरले होते, बारा ते पंधरा पक्षी. तुमच्या एका वर्गात बसतील त्याहून कमी.

इथून पुढची गोष्ट मुलांना जरूर सांगा, कारण ती चमत्काराची नाही, चिकाटीची आहे आणि मध्ये बरीच आपटलेली आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेगेटवरची मांजरं काढली, तरी पक्षी वाढेनात. आरीदवर नेऊन सोडायचे आधीचे प्रयत्न फसले. १९९०मध्ये पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आकडा विसाच्या आसपासच अडकलेला होता. मग जोड्यांवर रोज नजर, जास्तीचं खाणं, लाकडी घरटी, कारण नारळाच्या बागेत ढोली असलेली जुनी झाडं कुठून आणणार? घरांतून झुरळांसाठी फवारलं जाणारं औषधही घातक ठरत होतं, कारण मेलेली झुरळं हा पक्षी आवडीने खाई. जगणारी पिल्लं वाढली तशी १९९४-९५मध्ये काही पक्षी कुझाँ आणि कुझीनवर हलवले. बरोबर त्याच सुमारास, १९९५मध्ये, फ्रेगेटवर तपकिरी उंदीर पोचला. म्हणजे पाच वर्षांचं काम पाण्यात जायची वेळ. शेवटी २०००मध्ये बेटभर विष टाकून उंदीर संपवले, आणि ते चालू असताना दयाळांना पकडून पिंजऱ्यात सांभाळलं. २००२मध्ये आरीद जमलं, २००८मध्ये डेनिस. २००५मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ वर आला. आज काही शेकडा आहेत.

सर, मला यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण निसर्ग वाचवायचा म्हणजे झाडं लावायची असं मुलांना शिकवतो. या पक्ष्याला झाडांइतकीच गरज होती ती काही गोष्टी *काढून टाकण्याची*. विष घालून उंदीर मारणं हे पोस्टरवर छान दिसत नाही, पण ते केलं नसतं तर फ्रेगेटचा दयाळ राहिला असता की नाही, मला शंकाच आहे.

मी आठवीत आहे. मी वाचलं की सेशेल्समध्ये आपली साळुंकी पण आहे आणि ती तिथल्या पक्ष्यांना त्रास देते. हे खरं आहे का? साळुंकी तर चांगली असते. (अलिबागची एक मैत्रीण)

खरं आहे ग. आणि साळुंकी इकडेही चांगली आणि तिकडेही चांगलीच, फक्त तिकडे तिने असायला नको होतं. फार पूर्वी माणसांनीच तिला तिथे नेलं. ती मूळची आपली; गर्दीत, भांडून, मिळेल ते खाऊन राहायची तिला सवय. पोपट, खारी यांच्याशी ढोलीवरून रोज मारामारी. तिकडच्या दयाळाला अशा मारामारीची काय सवय असणार? साळुंक्या त्याच्या घरट्यावर हल्ला करतात, अंडं किंवा पिल्लू बाहेर टाकतात. आणि त्याचं अंडं एकच असतं हे वर वाचलंसच.

म्हणून फ्रेगेट आणि डेनिस या बेटांवरून साळुंक्या पूर्णपणे काढून टाकल्या. कशा, हे विचारशील तर सापळे लावून आणि बंदुकीनेही. वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. माहेच्या बाजारात माझ्या टेबलावरचे पावाचे तुकडे उचलणारी साळुंकी बघून मला अगदी घरी आल्यासारखं झालं होतं. पण डेनिसवर ती नको, या मताची मी आहे. तू तुझं मत ठरव आणि मला कळव. दोन्ही बाजूंनी चार-चार ओळी लिहून पाठवलीस तर उत्तर नक्की देईन.

माझ्याकडे १५०-६०० लेन्स आहे. कुझाँवर नेऊ का? आणि दयाळाचा आवाज मोबाईलवर लावला तर तो समोर येईल का? (नाशिकहून एक छायाचित्रकार)

आवाज लावायचा नाही. तो दिवसभर हद्दीसाठी झगडतो. प्रत्येक हद्दीत एक मुख्य जोडी आणि तिच्या जागेवर टपलेले दुय्यम पक्षी. तुम्ही मोबाईलवर नवा प्रतिस्पर्धी उभा केलात की तो खाणं सोडून तुमच्या खिशाशी भांडणार. शिवाय जो पक्षी बुटावर येऊन बसतो त्याला बोलवायचं कशाला?

लेन्सचं म्हणाल तर पिशवीतच राहील. सहाशेवर ती दोन-अडीच मीटरच्या आत फोकसच घेणार नाही आणि पक्षी त्याच्या आत असेल. साधी शंभर-दीडशेची लेन्स न्या, नाहीतर मोबाईल. झाडीत अंधार असतो आणि पक्षी काळा, त्यामुळे कॅमेरा चित्र उजळ करायला जातो आणि पंखावरचा पांढरा पट्टा जळतो. एक्स्पोजर थोडं खाली ओढा. पोटावर झोपून फोटो काढायचा मोह होईल. रक्षकाला विचारून वाटेवरच झोपा. आणि निघायच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याची पिशवी पूर्ण उलटी करून झटका, कप्प्यांच्या शिवणी आणि बुटांचे तळवे ब्रशने साफ करा. नाशिकच्या गवताच्या कुसळाला तिथे काही काम नाही. खाण्याचं काहीही बरोबर नेऊ नका.

मॉरिशसला आमचे नातेवाईक आहेत, ते मूळ रत्नागिरीकडचेच, चार-पाच पिढ्यांपूर्वी गेलेले. मार्चमध्ये त्यांच्याकडे जाणार आहोत. हा दयाळ तिथे दिसेल का? (पुण्याहून एक आजोबा)

नाही हो आजोबा. मॉरिशस आणि सेशेल्समध्ये सतराशे किलोमीटरच्या वर समुद्र आहे आणि हा पक्षी एका बेटावरून समोरच्या बेटावरही स्वतःहून क्वचितच जातो.

पण तुम्ही रिकाम्या हाताने यावं असं मुळीच नाही. मॉरिशसची स्वतःची दुर्मिळ गाणारी पाखरं आहेत, आणि ती तर त्या एकाच देशात आहेत. माहेबूर गावाजवळ ‘इल ओ एग्रेत’ नावाचं छोटं बेट आहे, सव्वीसेक हेक्टरचं. तिथेही वाटाड्याबरोबरच फिरायचं. बोटीचा प्रवास काही मिनिटांचा, लाटांवरून वाळूत घुसायची भानगड नाही. तिथे मॉरिशसचा फोडी बघा, सुगरणीच्या कुळातला, नराचं डोकं लालभडक. लालच डोकं असलेला मादागास्करचा फोडीही मॉरिशसभर दिसतो, तो बाहेरून आलेला. त्याची लाली छाती-पोटावर पार खाली उतरते, मूळच्याची डोकं आणि छातीपाशीच थांबते. दुसरा बघायचा तो मॉरिशसचा हिरवट चष्मेवाला. आपल्या चष्मेवाल्यासारखंच डोळ्याभोवती पांढरं कडं, पण चोच लांब आणि वाकडी, फुलातला रस प्यायची. हा फोडीपेक्षाही दुर्मिळ आहे आणि दयाळासारखा पायाशी येणार नाही. फुललेल्या झुडपापाशी गप्प उभं राहावं लागेल. गुलाबी कबुतरं मात्र आपसूक दिसतील.

नातेवाईक ब्लॅक रिव्हर भागात असतील, तिकडे मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे, तर सकाळी लवकर उठून ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात एक चक्कर मारा. तिथे मॉरिशसचा ससाणा दिसू शकतो. १९७४मध्ये मोकळ्या रानात त्याचे चारच उरले होते. गाणारा नाही, पण या सगळ्या गोष्टीत त्याचंही नाव घ्यायला हवं. मार्चमध्ये वादळाचा हंगाम चालूच असतो. आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज बघून बोट ठरवा, आणि त्यांच्याकडच्या मराठी मुलांनाही बरोबर घेऊन जा.